वेळेआधी उघडलेली पेटी

पुणे, ७ नोव्हेंबर २०१७

प्रिय तात्या,

नमस्कार. आईलाही सांगा. मी बरी आहे, खोकला गेला.

संस्थेपासून आपली धायरी बसने तासाभरावर, आणि पोरगी पत्र लिहितेय म्हणून हसाल. पण घरी आले की घर माणसांनी भरतं आणि माझं बोलणं राहून जातं.

मच्छिंद्रकाकांनी चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. ‘धायरीची शास्त्रज्ञ कन्या’. माझ्यापेक्षा काकांचाच फोटो मोठा आहे! फोनवर म्हणाले, “एकोणीस तारखेला देवळात सत्कार हाय, फेटा बांधायचाय तुला.” तात्या, तो सत्कार रद्द करायला सांगा. मला सुट्टी मिळत नाही.

सुट्टीचं खोटं लिहिलं. खोडत नाही, राहू दे.

परदेशातल्या मोठ्या यंत्रात कणांच्या टकरी होतात आणि त्यांच्या नोंदी आम्ही इथे संगणकावर तपासतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक कण अब्जावधी वेळांतून एखाद्या वेळीच एका ठरावीक तऱ्हेने फुटतो. ते फुटणं मी शोधत होते. त्याचा एक कडक नियम आहे. जिथे ते सापडू शकेल, तेवढ्या नोंदी बंद ठेवायच्या. आम्ही त्याला पेटी म्हणतो. कोणती नोंद धरायची, कोणती सोडायची, हे आधी पक्कं करायचं आणि मगच सगळ्यांसमोर पेटी उघडायची. नाहीतर माणूस स्वतःला हवं तेच निवडतो.

मी जूनमध्ये एकटीने उघडून पाहिली.

तीन वर्षं झाली होती, धीर सुटला. तीन नोंदी निवडीच्या अटीच्या जेमतेम बाहेर पडत होत्या. मी अट थोडी सैल केली आणि पटेल असं कारण लिहिलं. सप्टेंबरमध्ये सगळ्यांसमोर पेटी उघडली, तेव्हा त्या तिन्ही आत होत्या. टाळ्या वाजल्या. तुम्ही कात्रजचे पेढे घेऊन आलात.

कुणाला कळलंही नसतं. पण परवा भैरूकाकांच्या मुलीने फोनवर विचारलं, “ताई, ते तुला सापडलं कसं गं?” मी सांगायला गेले आणि जूनपाशी येताच फोन ठेवला.

काल परवीन मॅडमना, माझ्या मार्गदर्शकांना, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “अहो, पेपर फुटल्यावर पडलेल्या मार्कांना आपण काय म्हणतो?”

“चोरीचे,” मी म्हणाले.

“निकाल मागे घेतेय. नव्या नोंदी आल्या की पहिल्यापासून करा. वर्ष जाईल. आणि पेटीचा पासवर्ड आता माझ्याकडे.” मग म्हणाल्या, “बसा. पाणी प्या आधी.”

तात्या, मच्छिंद्रकाकांना ‘पोरगी आजारी हाय’ असं सांगू नका. तिने चोरून पाहिलं आणि मग स्वतःहून सांगितलं, एवढंच सांगा. काही दिवस चौकात बसणं तुम्हाला जड जाईल, हे मला कळतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला मिरवलंत, आणि मी तुमच्यावर हे आणलं. मॅडमना सांगणं सोपं होतं. तुम्हाला लिहिणं अवघड.

शनिवारी, अठराला, घरी येते. दार तुम्हीच उघडा.

तुमची,
तुळजा