सिरिलचं इंजिन आणि आमची कंपनी

हेरिंग कोव्ह, न्यूफाउंडलंड
शुक्रवार

प्रिय अँब्रोसदादा,

तुझ्या गुडघ्याला आणि वहिनीच्या रागाला एव्हाना उतार पडला असेल अशी आशा आहे. अल्बर्टातली थंडी गुडघ्याला वाईट, हे तुला जातानाच बजावलं होतं. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तिसरीचं मात्र नाव काढू नकोस. (तिसरी म्हणजे कंपनी. या वयात पाळणा हलला, असं वहिनीला सांगत सुटू नकोस.)

दादा, मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. बोटींची इंजिनं दुरुस्त करायची आपली बाबांची शेड मी वसंतात कंपनी करून टाकली, ती तुझ्याच सल्ल्यानं. हिशेबनीस बाईंनी फायदे असे रंगवले की मी हुरळलोच. कर कमी, मी मेलो तरी कंपनी जिवंत (हा फायदा नक्की कुणाचा, ते तेव्हाच विचारायला हवं होतं), आणि उद्या कुणी धंद्यावर दावा लावला तरी घराला हात लागणार नाही. कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती आहे म्हणे. माझे आणि नोरीनचे शेअर सारखेच, आणि नवरा-बायकोत अडलंच तर सोडवायला एक तुझा. आमच्यात कशाला अडेल, असं मी हसत म्हणालो. बाई हसल्या नाहीत.

सोमवारी सिरिल हाइन्स शेडमध्ये आला. मी आदल्या आठवड्यात दुरुस्त केलेलं त्याचं इंजिन भर खाडीत, धुक्यात बंद पडलं होतं. बिचारा वल्ही मारत घरी पोचला. (एक नट आवळायचा राहिला होता. हे तुझ्यामाझ्यात.) "लिओ, हे तुझं काम?" एवढंच त्यानं विचारलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "माझं नाही, कंपनीचं!" सिरिलनं शेडभर नजर फिरवली. "कुठाय ती? मला तर तूच दिसतोस," म्हणाला, आणि टोपी घालून चालता झाला. लहानपणापासूनचा दोस्त, दर हिवाळ्यात मूस हरणाची एक तंगडी आपल्या घरी आणून टाकणारा माणूस! मला माझीच लाज वाटली.

आता चर्चच्या पायरीवरही लोक विचारतात, "काय लिओ, कंपनी बरी आहे ना?" तेही सोसलं असतं. पण नोरीननं रीतसर सभा बोलावली आहे, आमच्याच जेवणाच्या टेबलावर. विषय एकच: लिओला कामावरून काढणे. म्हणाली, "तुझे बाबा कधी कुणाच्या आड लपले नाहीत. ज्याला सिरिलसमोर उभं राहता येत नाही, तो त्यांच्या शेडमध्ये नको." दादा, बाबांच्या शेडमधून मला!

तुझा धाकटा,
लिओ

ता. क. सभा रविवारी आहे. तुझा तो एक शेअर माझ्या बाजूनं पडू दे. तुला बाबांची शपथ.

ता. क. २ पाकिटाला गोंद मागायला गेलो, तर नोरीन म्हणते, तुझं मत काल रात्रीच तिला फोनवर मिळालं. अरे, सख्खा भाऊ ना तू?

ता. क. ३ रविवार. पत्र टाकायचं राहिलंच. मला काढलं. तडक बाबांचा पाना घेऊन सिरिलच्या धक्क्यावर गेलो. "कंपनीनं पाठवलं का रे?" म्हणाला. "कंपनीनं हाकललं," म्हटलं, "नट माझ्याच हातून राहिला होता." तो पोट धरधरून हसला. इंजिन सुरू झालं आणि मूसची तंगडी घरी आली. नोरीन म्हणते, ही कंपनीची नाही, तुझी. आणि उद्या सकाळी कामावर ये. तंगडीतला तुझा वाटा मात्र माझ्याकडे मागू नकोस. कंपनीकडे माग.