पट्ट्याची गाठ

दादा,

गेलेल्या माणसाला पत्र लिहितोय म्हणजे म्हातारा चळला, असं तू म्हटलं असतंस. म्हण बापडा.

जुन्या लष्करी पिशव्या, बाटल्या, शिरस्त्राणं जमवून नीट करायचा माझा नाद तुला ठाऊकच आहे. 'भंगारवाला कवी' म्हणायचास. तू गेल्यावर वहिनीनं तुझी पलटणीतली पाण्याची बाटली आणून दिली. "गळतेय, तेवढं बघा भावजी."

मी मात्र रंगात आलो. शाळेतल्या कविता गुणगुणत गळती बुजवली, पोचे काढले, वरचं खाकी कापड धुतलं. पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं, तिथं तू गाठ मारली होतीस. ती काही सुटेना. शेवटी कापली, आणि शोधशोध करून त्याच काळातलं पितळी बक्कल लावलं.

वहिनीनं बाटली घेतली, पट्टा चाचपला. "गाठ कुठंय?"

मी ऐटीत बक्कल दाखवलं.

"सुट्टी संपली की म्हणायचे, 'ही गाठ सोडव, मग जात नाही.' मेली कधी सुटलीच नाही मला." ती हसली, पण बाटली तिनं टेबलावर ठेवली. "छान केलीत. तुमच्याच कपाटात शोभेल."

आता बक्कल काढून टाकलंय. तुझी ती डावखुरी गाठ रोज मारून बघतो; जरा ओढली की सुटते. लहानपणी तू शिकवायला बसला होतास. मी खिडकीतून ढग बघत कविता पाठ करत होतो.

तुझाच,
भंगारवाला कवी