काठावरची खोली

आप्पा, मी आज तुमच्या नातवाशी फोनवर बोलले आणि राग तुमचा आला. तो उत्तर ध्रुवाकडच्या एका किनाऱ्यावर यंत्रं दुरुस्त करायच्या कामावर आहे. त्यांच्या राहायच्या खोल्या कड्याच्या अगदी काठाशी, खाली समुद्र. दरवर्षी काठ थोडा थोडा पाण्यात जातो म्हणे. त्यानंच सांगितलं, हसत हसत.

मी वाचनालयातून पुस्तकं आणली. तुमचे जावई गेल्यापासून औरंगाबादेतल्या या घरात दुपारी वाचनच असतं. ते असते तर हे बोलायला तुमच्यापर्यंत यावं लागलं नसतं. तिकडची जमीन म्हणजे माती आणि तिला आतून धरून ठेवणारा बर्फ. पूर्वी समुद्रही बराच काळ गोठलेला असायचा, म्हणून वादळ आलं तरी लाटांचा मार काठाला बसत नसे. आता समुद्र लवकर मोकळा होतो, उशिरा गोठतो, आणि नेमका वादळांच्या दिवसांत काठ उघडा पडतो. ऊब धरलेलं खारं पाणी कड्याच्या बुडातला बर्फ वितळवतं, लाटा सुटी माती ओढून नेतात. खाली कपार पडते. वरून सगळं टणक दिसतं, आणि एक दिवस अख्खा तुकडा खाली बसतो.

वाचताना मला आपलं गंगापूरचं घर दिसत होतं. रझाकारांच्या भीतीनं आपण नगरकडं गेलो होतो, पोलीस ॲक्शननंतर परत आलो आणि तुम्ही घाईघाईनं पांढऱ्या मातीच्या भिंती उभ्या केल्या. आई भाकरी थापतेय, मी चुलीत काटक्या सारतेय. आई म्हणते, "अहो, पन्हळीचं पाणी मागच्या भिंतीच्या बुडाशी पडतंय. तेवढं लिंपून घ्या." तुम्ही पुढच्या भिंतीला चुना देताय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. "भिंत खडखडीत वाळलीय. तुला लई कळतं व्हय?" मी म्हणाले, मागून माझा हात आत जातो. "मग घालू नको हात," तुम्ही म्हणालात. त्याच पावसाळ्यात भिंत चुलीवर बसली. आईचा पाय कायमचा अधू झाला. तुम्ही पावसाला दोष दिलात, शेवटपर्यंत पावसालाच.

परवा त्याला म्हटलं, "खोली बदल." म्हणाला, "आई, जमीन दगडासारखी गोठलीय. पहार मारली तर पहार वाकते."

"अन् खालून?"

"खाली समुद्र आहे."

"मी तेच विचारतेय."

"तू वाच गं, पण सगळंच मनावर घेत जाऊ नको." तुमचीच तऱ्हा, आप्पा, फक्त बोली शहरातली.

आज शेवटी वैतागून म्हटलं, "तुझे आजोबा म्हणायचे, वरून किती का पक्कं दिसेना, आधी बूड बघावं." तो म्हणाला, "आजोबा म्हणायचे? मागच्या रांगेत एक खोली रिकामी आहे. उद्याच सामान हलवतो."

आईनं सांगितलेलं, मी वाचलेलं, तुमच्या तोंडी घातल्यावर त्याला पटलं. तो नीट झोपेल, एवढं मला पुरायला हवं. पुरत नाही. हा कागद त्याला दाखवता येणार नाही. खरं कळलं तर सामान परत पुढं नेईल. आणि तुम्हाला म्हणून सांगते, तुमचं नाव घेऊन ते बोलले तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, तुम्ही तसं म्हणाला होतात.