तेराचा पंखा

४ मार्च

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ.

त्या सकाळी मी धक्क्याच्या पायऱ्यांवर चादरी पिळत होते. दूध तापत ठेवलेलं, म्हणून एक डोळा खिडकीकडे. तेवढ्यात तुमच्या दादांनी माझ्या ओल्या हातात घड्याळ दिलं. होडीच्या इंजिनाला नवीन पंखा बसवला की काठावर उभं राहून वेळ मोजायची, हे माझं ठरलेलं काम. त्यांनी होडी पलीकडच्या खांबापर्यंत पिटाळली, परत आणली आणि वहीत लिहिलं: तेरा पिचचा पंखा, उत्तम. दूध उतू गेलंच.

हे आज आठवलं ते इंजिनापायी. तुमचे दादा गेल्यापासून दर मंगळवारी दवाखान्याचे डॉक्टर, नर्सबाई आणि औषधांच्या चार पेट्या मी पलीकडे नेते. अठरा-वीस मिनिटांच्या वाटेला मला अर्धा तास लागतो. वेगाची मूठ पूर्ण पिळली तरी होडी नाक वर करून कण्हत जाते. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा पंचेचाळीसशेच्या पुढे हलत नाही. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तकात पाच ते सहा हजार लिहिलं आहे. शब्दकोश शेजारी ठेवून तीनदा वाचलं, म्हणजे चूक माझ्या वाचण्याची नसावी.

डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांनी सांगून टाकलं की महिनाअखेरपर्यंत वेळेत पोचणं जमलं नाही तर काम दुसऱ्या होडीला द्यावं लागेल. शेजारचा होडीवाला म्हणतो, इंजिन म्हातारं झालं, काढून टाका. स्वतः मात्र ते घ्यायला एका पायावर तयार आहे, त्यामुळे माझा विश्वास बसत नाही. तुम्ही रोज वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडता, तुम्हीच सांगा. फक्त पंखा चुकला असं म्हणू नका. तो दादांनी पारखून बसवला आहे.

मुलांना पापा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी पुस्तक चौथ्यांदा वाचते.

तुमची वहिनी


११ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचलं. आमचा हेडमिस्त्री म्हणाला, या बाईंना इथे कामाला बोलवा.

इंजिन म्हातारं नाही, ते दमतं आहे. पंखा एका फेऱ्यात पाण्यातून जेवढे इंच पुढे जायला हवा, तो त्याचा पिच. थोडं घसरतं, ते सोडा. मोठा पिच म्हणजे मोठं पाऊल. मोकळ्या हातांनी तुम्ही लांब ढांगा टाकाल, पण दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या असतील तर पाऊल आपोआप लहान होतं. तुमच्या होडीला बादल्या घेऊन ढांगा टाकायला लावलं आहे.

पंखा चुकला असं म्हणू नका म्हणालात, नाही म्हणत. एकच विचारतो. दादांनी वहीत उत्तम लिहिलं, तेव्हा होडीत किती माणसं होती? काठावर तुम्ही होतात, म्हणून तुम्हांलाच विचारतो. आणि एकदा रिकाम्या होडीत, एकदा भरलेल्या होडीत काटा बघून मला कळवा.

हिचा नमस्कार. रागावलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.

तुमचा,
भाऊजी


१७ मार्च

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ.

रागावले होते. दोन दिवस तुमचं पत्र डब्याखाली दाबून ठेवलं. मग कुतूहल गप्प बसू देईना.

माणसं कुठून आणू? म्हणून पाण्याचे वीस लिटरचे चौदा कॅन भरले आणि एकेक करून होडीत चढवले. काठावरच्या बायका म्हणाल्या, हिला एवढं पाणी असताना आणखी पाणी कशाला लागतं? मी एकटी असताना काटा छप्पनशेवर गेला. सात कॅनला पाच हजारांवर आला. चौदा कॅनला तोच पंचेचाळीसशेचा रडवा आकडा. मग हौस म्हणून तीन कॅन पुढून मागे सरकवले, तर होडी आणखीच नाक वर करून बसली. हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते शोधते आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एक. ते नेहमी एकटेच पारखायचे. मलाही कधी घेतलं नाही. म्हणायचे, तू बसलीस की आकडा बिघडतो, आणि हसायचे. मासे धरायला जायचे तेही एकटेच. वही खोटी नाही, भाऊजी. मीच ती माझ्या चार पेट्यांना आणि दोन माणसांना लावत बसले.

आता किती पिचचा लागेल? माझा हिशोब दहा म्हणतो. चुकला असेल तर हेडमिस्त्रींना सांगू नका.

तुमची वहिनी


२१ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दहाच. एका इंचाला साधारण दोनशे फेरे धरा, म्हणजे तीन इंच उतरलात की भरल्या होडीत पाच हजारांवर जाल. हेडमिस्त्रींना मुद्दाम सांगितलं.

दहाचा पंखा पार्सलने पाठवला आहे. रिकामी होडी परत आणताना मूठ पूर्ण पिळू नका, काटा सहा हजार ओलांडेल. दांड्याला ग्रीस लावा, नटची पिन नवी घाला. जुना पंखा जपून ठेवा.

काम झालं की दोन ओळी टाका. तोवर इथे आम्हांला चैन नाही.

तुमचा,
भाऊजी


३० मार्च

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ.

मंगळवारी एकोणीस मिनिटांत पलीकडे पोचलो. काटा एक्कावनशेवर होता. नर्सबाईंची विणकामाची एक ओळ दर वेळी वाटेत पुरी व्हायची, ती अर्धीच राहिली म्हणून त्या कुरकुरल्या. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या महिन्याचे वार लिहून दिले. शेजारच्याने इंजिनाकडे पाहिलं, पण म्हातारं म्हणाला नाही.

तुमचं पार्सल मात्र त्याआधी तीन दिवस टेबलावर तसंच पडून होतं, हे सांगायला हवं. रोज पक्कड घेऊन होडीच्या मागच्या, इंजिनाच्या फळीशी जायची आणि परत यायची. नटमधल्या पिनेची दोन्ही टोकं एकाच बाजूला वळवलेली होती. बाकी सगळे दोन बाजूंना वळवतात, तुमचे दादा एकाच. बोटाला टोचू नये म्हणून, म्हणायचे. तो पंखा बसवल्यावर त्या पिनेला कुणी हात लावला नव्हता.

रविवारी रात्री वही काढली. त्यांच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं: एकट्याला तेरा, सगळ्यांना दहा.

दुसऱ्या दिवशी मी पक्कड घेतली आणि पिनेची टोकं सरळ केली.

तुमची वहिनी