शेवाळाची रेघ

दि. १९ जानेवारी २००३
डहाणूच्या अलीकडे, समुद्राकाठी

नम्रताताय,

नमस्कार. मी बरा आहे, तू पण बरी असशील असं लिहायची रीत आहे, पण ते पुढं बघू. पत्र गीताबाईच्या गिरणीवर पाठवतोय. धसईला तुझ्या घरी टाकलं असतं तर सासूनं आधी दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतं. दळण टाक, नि तिथंच उभी राहून वाच.

समुद्र बघितला गो! अनंताभावजींनी जीपमधून मुंबईच्या कॅम्पवाल्यांना इथं आणलं, मी तंबू ठोकायला नि भांडी घासायला. अक्षदा मॅडम म्हणून आहेत, त्या दुर्बिणीतून पाखरं दाखवतात. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बघितला. पाण्यातला साप नखात धरून खडकावर बसला नि जिवंतच फाडत होता, शेपटी वळवळत होती. मी तोंड उघडं टाकून बघतोय नि भात करपला.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. काळू नदीच्या पात्रात थंडीत चूल मांडतो तशी कडक वाळूवर मांडली. भात रटरटत होता नि समुद्र आला. पातेलंच घेऊन गेला. एक कोळीण हसून हसून खाली बसली. म्हणाली, "डोंगरातले काय रं तुमी? ती शेवाळाची रेघ दिसते ना, भरती तिथवर येते. तिच्या खाली माणसानं निजू नाय." ही रेघ ध्यानात ठेव, पुढं लागेल.

भावजींनी वाळूत फासे लावलेले, आपण कापणीनंतर शेतात लाव्यांना लावतो तसे. काल दुपारी त्यात विळ्यासारख्या लांब चोचीचं एक पाखरू सापडलं. मॅडम म्हणतात ते हिमालयापलीकडून येतं. भावजींनी त्याचा पंख धरला नि पिळला. काटकी मोडावी तसा आवाज. मॅडम किंचाळल्या. हे हसतात.

"मॅडम, आमच्याकडं असंच ठेवतात. पंख पिळला की उडत नाय, मरत बी नाय. बाजारात ताजं."

मॅडमनी पाखरू ओढणीत गुंडाळलं, सगळ्यांना घेऊन गावात डॉक्टर शोधायला गेल्या. आमी दोघंच राहिलो. मी मेखा उपटत होतो. तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "बायकोचं बी तसंच असतं रे. एकदा पिळला की माहेरी पळत नाय."

ताय, दिवाळीनंतर तू शेणव्याला आलीस ती हाताला बांबूच्या कामट्या बांधून. म्हणालीस, भाताच्या पेंढ्यांच्या उडव्यावरून पडले. आई म्हणाली, बघून चढावं गो. मी तर हसलो होतो.

मेखा ठोकायचा घण हातातच होता. पहिला घाव खांद्यावर बसला. त्यानं कोयता उचलला, माझ्या डाव्या कानाची पाळी वाळूत पडली, मला नंतर कळलं. मग मी गुडघ्यावर घातला. माणसाच्या हाडाचा आवाज पाखराच्या पंखापेक्षा मोठा येतो. तो पडल्यावर थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाय.

इथल्या दवाखान्यात त्यानं सांगितलं, खडकावरून घसरलो, पाण्यात पडलो. मेव्हण्यानं मारलं म्हणायची लाज. पण तो पाण्यात पडला नव्हता, ताय. तो रेघेच्या खाली पडलेला. मी वर जाऊन बसलो. पाणी त्याच्या टाचांना लागलं, मग कमरेला. "आदेश, ओढ रे, पाणी आलं," ओरडत होता. मी गरुड बघत होतो. आभाळात गरुड नव्हताच.

पाणी तोंडात गेलं तेव्हा त्यानं आईला हाक मारली नाय, देवाला पण नाय. "नम्रे!" म्हणाला. तुझं नाव घेऊन तो बुडतो म्हणजे काय? असा राग आला की उठलो, केसांना धरून त्याला रेघेच्या वर ओढत आणला. म्हणून तो जिवंत आहे. चांगुलपणा नाय माझा.

पाखरू वाटेतच मेलं.

आता मुद्द्याचं. खाटेवर पडल्या पडल्या मला जवळ बोलावून म्हणाला, "घरी जाऊ दे, तिचा दुसरा हात." पायाला प्लास्टर आहे, डॉक्टर आठवडाभर तरी सोडत नाय. तेवढ्यात तू निघ. तुमच्या आळीतला फोन त्याच्या चुलत्याकडं, म्हणून हे पत्र. नदीवर धुणं घेऊन जाते सांग, मुरबाडची एसटी पकड, पुढं शहापूर, तिथून शेणवा. आईला मी फोनवर सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "शेळी पण आण म्हणावं, ती आपली आहे." पण शेळीसाठी थांबू नको.

तुला माहीत आहे, मी कुठं टिकत नाय. दहावीचा पेपर अर्धा टाकून कैऱ्या पाडायला गेलेला मी. मॅडम म्हणाल्या, आमच्यासोबत पुढं गुजरातला चल, तिकडं लाखो फ्लेमिंगो असतात. जीव तुटला गो. पण नाय म्हटलं. दवाखान्याच्या दारात बसलोय, कानाला चिंधी बांधून. समोर एसटीडीचं दुकान आहे, आईकडं त्याचा नंबर आहे. तू घरात पाय ठेवलास असा फोन येईपर्यंत हलणार नाय. तो त्याआधी बाहेर पडला तर माझ्यावरूनच जाईल.

घण पिशवीत आहे.

दारात बसलेला,
तुझा आदेश