मागच्या बाजूच्या तारा

प्रिय भावजी,

फोनवर तुम्ही ‘सगळं बरं ना?’ विचारता, मी ‘बरं’ म्हणते, आणि पुढचं काही निघायच्या आत तुम्ही ‘ठेवतो मग’ म्हणून मोकळे होता. म्हणून या वेळी कागद घेतला. कागदाला ‘ठेवतो मग’ म्हणता येत नाही.

आधी खुशाली. तुमचे दादा ठणठणीत आहेत. थंडीत खुबा कुरकुरतो, मग तेही कुरकुरतात. दिवसभर वर्कशॉपात बिघडलेले वायरलेस सेट उघडून बसतात आणि त्यांच्याशीच भांडतात. माझ्याशी भांडायला आता त्यांना फुरसत नाही, तेवढाच माझा फायदा. गच्चीवर अँटेना बसवायची कामं अजून मीच करते. दोर धरायला शेजारच्या सुतारबाई येतात. हात पक्का आहे त्यांचा, पण तोंडाला विसावा नाही. मी वर सुरक्षेचा पट्टा अडकवून क्लॅम्प आवळत असते आणि खालून त्यांच्या धाकट्या जावेची साग्रसंगीत हकीकत कानावर येत असते. त्या जावेला मी अजून पाहिलेलं नाही, पण रस्त्यात दिसली तर ओळखेन.

परवा केबलला कनेक्टर बसवत होते, तर तुमचीच आठवण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाहेरच्या खोलीत केबलची भेंडोळी, पलंगाखाली पाइप, आरशाला टांगलेला अँटेना. कुंकू लावायला आरशात बघायचं तर मान वाकडी करावी लागायची. मनात आलं, ही माणसं राहतात कुठे आणि मी ठेवायचं काय कुठे! तुमचे दादा म्हणाले, होईल सवय. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही आरसा मोकळा करून ठेवला होता. पुढे तुम्हीच मला स्टुलावर बसवून केबल सोलायला शिकवलंत. आतली तार माझ्या हातून कापली गेली की तुम्ही नुसता पुढचा तुकडा हातात द्यायचात. सांध्यावर पट्टी खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखे थर बसतात आणि पाणी आत शिरत नाही. भिंतीत जाण्याआधी केबलला खाली झोळ ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जातं. मी म्हटलं, हे तर वेणी घालण्यासारखंच आहे. त्यावर तुम्ही इतके हसलात की तुमचे दादा आतून विचारत आले, काय फुटलं म्हणून.

काय दिवस होते ते. टॅक्सीवाले, अग्निशमन दलाचे जवान, बंदरातले होडीवाले, सगळे तुम्हाला ‘थांबा’ म्हणायचे. खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही कुठल्याही गच्चीवर गेलात की आधी एक शब्द, थांबा. मग मान वर करून चहूकडे बघणार, विजेच्या तारा कुठून गेल्यात. अँटेनाचा पाइप आडवा पडला तरी त्याचं टोक तारांपर्यंत पोचता कामा नये, आणि वर आणखी मोकळी जागा उरली पाहिजे. मग खाली जाऊन सेट बंद आहे ना बघणार, खालच्या वाटेवर कुणी येऊ नये म्हणून दोरी बांधून येणार. तुमचे दादा कपाळाला हात लावायचे. ‘आमच्या धाकट्यामुळे आम्ही रोज गार जेवतो,’ असं येईल त्याला सांगायचे. पण तुम्ही आल्याशिवाय त्यांनी कधी ताट पुढे ओढलेलं मला आठवत नाही.

दवाखान्याच्या कामाचा विषय आपल्या घरात निघत नाही. आज मी काढणार आहे, रागावू नका. रुग्णवाहिकांशी बोलायच्या सेटचा अँटेना बसवायचा होता. वारा सुटला होता. तुम्ही म्हणालात, उद्या करू, मागची बाजू नीट बघितलेली नाही. त्या बाजूला मोठं झाड होतं, गच्चीला अगदी टेकलेलं, त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. तुमचे दादा म्हणाले, दोन मिनिटांचं तर काम. पट्टासुद्धा न अडकवता टाकीच्या शिडीवर चढले. हे त्यांनीच मला सांगितलं, लपवलं नाही. ते वर पाइप उभा धरून, तुम्ही मागच्या कठड्यापाशी त्याच पाइपला बांधलेला दोर धरून. वाऱ्याचा झोत आला, पाइप क्लॅम्पमधून निसटला आणि पुढच्या अंगणाच्या बाजूला गेला. त्याच्याबरोबर तेही गेले. खाली पोर्चचं छप्पर होतं म्हणून खुब्यावर निभावलं.

इस्पितळातल्या बाकावर तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात. दोराने हातांची सालटं निघाली होती. तुम्ही म्हणालात, “वहिनी, दोर माझ्या हातून सुटला. दादाला मीच सांगेन.” ते काठी घेऊन चालायला लागले आणि तुम्ही लांबच्या गोदामातली नोकरी धरलीत. मी धरून चालले की तुमचं बोलणं झालं असणार, आणि भावाभावांत मी कशाला पडू.

तुम्ही गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. कामं येत होती आणि चढणारं कुणी नव्हतं. एक दिवस मी यांची पँट कमरेला दोरीने बांधली आणि अग्निशमन दलाच्या गच्चीवर गेले. हे खाली काठी आपटत उभे, चेहरा पांढरा. मी पट्टा दोन-दोनदा ओढून बघितला. उतरून आले तर एवढंच म्हणाले, थांबाच्या हाताखाली शिकलेली दिसतेस. मग तोंड फिरवून बराच वेळ काठीचं टोक पुसत बसले.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात त्याच दवाखान्यातून बोलावणं आलं. जुना अँटेना गंजला होता. यांना न सांगताच गेले. गच्चीवर पाऊल ठेवलं तर मागची बाजू लख्ख उघडी. ते झाड त्यांनी तोडून टाकलंय. आणि झाड होतं त्याच्या मागूनच विजेच्या तारा गेल्यात भावजी, उघड्या, कठड्यापासून एका पाइपभरही लांब नाहीत. मी कठड्यापासून मागे सरले. सुतारबाईसुद्धा गप्प झाल्या, यावरून काय ते समजा. मी तिथे पाइपला हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंना सांगून अँटेना पार पुढच्या भिंतीवर हलवला, जमिनीत वेगळं अर्थिंग घातलं, मगच घरी आले. पण डोळ्यांसमोर एकच चित्र. वारा पाइपला पुढे ढकलतोय, तुम्ही जिवाच्या आकांताने मागे ओढताय, आणि तो मागे यायला लागलाय. आणखी थोडा ओढला असतात तर पाइपचं टोक त्या तारांवर टेकलं असतं, आणि तुमच्या दादांचे दोन्ही हात त्या पाइपवर होते.

संध्याकाळी वर्कशॉपात जाऊन मी यांना विचारलं, तो पाइप मागे आला असता तर? मान वर न करता म्हणाले, “म्हणून तर मी ओरडलो, सोड म्हणून. शिडीवरून मला झाडापलीकडच्या तारा दिसत होत्या.” मी विचारलं, हे भावजींना ठाऊक आहे? म्हणाले, “ठाऊक नसायला काय झालं? त्याने सोडला की.” मग मी त्यांना बाकावरचं तुमचं बोलणं सांगितलं. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी खाली ठेवला. इतकी वर्षं ते समजत होते की तुम्ही त्यांच्यावर चिडून गेलात. थांब म्हटलेलं ज्याला कळत नाही अशा आडमुठ्या भावाबरोबर कोण राहील, असं. आणि तुम्ही तिकडे काय समजत होतात, ते मला एकटीला माहीत होतं.

वाऱ्यात त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत पोचला का, की हाताने आपणहून दोर सोडला, हे तुम्हालाही आता सांगता येणार नाही. ते म्हणतात, त्याने काही फरक पडत नाही. त्या दिवसापासून त्यांनी कितीदा तुम्हाला फोन लावायला घेतला आणि दर वेळी घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. काल कागद पुढ्यात घेऊन बसले, चहा निवला, कागद कोराच. शेवटी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “तू लिही. त्याला सांग, दोर सुटला नव्हता. मी सोड म्हटलं आणि त्याने सोडला. म्हणून मी आहे. आणि म्हणावं, आता घरी ये.” तेवढं सांगण्यासाठी हे पत्र, भावजी.

तुमचीच,
वहिनी