कोठाराच्या किल्ल्या आणि ताईचं एक मत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण मागच्या महिन्यात खाली वाकलो तेव्हा उठवायला शेजारच्या सुताराला हाक मारावी लागली. म्हणून हा बसल्याबसल्याच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला, की ते अजून ‘खोकला नाही, घसा साफ करतोय’ असंच सांगतात? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुझी भावजय शिवणाच्या क्लासवर शिकवायला जाते आणि घरी आली की राहिलेलं मला शिकवते. निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर करतो तरी काय, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. प्रश्न खोचक होता हे कळलं, पण उत्तर देतो. मी सध्या कोठारपाल आहे. पगार नाही, पण अधिकार बरेच आहेत. निदान कालपर्यंत होते.

झालं असं, की तुझी भाची नोकरीसाठी लांब गेल्यापासून आमचा फोन म्हणजे ‘जेवलीस का’, ‘जेवले, तुम्ही?’, ‘आम्हीही’, आणि मग दोन्हीकडचे पंखे ऐकत बसायचं. बापलेकीत प्रेम आहे गं, विषय नाही. एकदा असंच पंखे ऐकताना ती म्हणाली, की संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळते, लढायांचा, राक्षसबिक्षस असलेला, आणि हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात असतात. ‘येता का बाबा? शिकवते.’ मी हो म्हणालो. पत्ते असतील असं वाटलं होतं.

पहिल्यांदा नाव घ्यावं लागतं. लोक ‘काळरात्र’ वगैरे घेतात. मी विचारपूर्वक ‘मुख्य भांडारपाल (निवृत्त)’ असं टाइप केलं. अर्ध्यातच जागा संपली आणि ‘मुख्य भांडा’ एवढंच उमटलं. आता तिथे सगळे मला भांडेकाका म्हणतात. चौतीस वर्षं कारखान्यात साहेब म्हणवून घेतल्यावर हे दिवस.

मग कौशल्यं निवडायची. कुणी तलवार घेतं, कुणी जादू, तुझी भाची धनुष्यबाण चालवते. (आणि काय चालवते, ताई! लहानपणी हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता.) मी यादी वाचली आणि मला हवं ते मिळालं. वजन उचलणे, वस्तू पारखणे, बाजारभाव ओळखणे. लेक म्हणाली, ‘बाबा, यातल्या एकानंही कुणी मरत नाही.’ मी म्हणालो, मला कुणाला मारायचंच नाही. राक्षस मेला की त्याच्या अंगातून वस्तू खाली पडतात, त्याला तिथे ‘ड्रॉप’ म्हणतात. कधी नाणं, कधी दात, क्वचित एखादी दुर्मीळ तलवार. आणि हे लोक, ताई, तलवार उचलतात आणि दात तसेच टाकून जातात! माल जमिनीवर पडलेला मला बघवत नाही. आठ दिवस मी लेकीच्या टोळीच्या मागून फिरून लांडग्याची कातडी, भुताची बटणं, कोळ्याचे पाय, सगळं वेचलं. मंडळी हसली. पुढच्या आठवड्यात खेळात एक नवं औषध निघालं, त्याला कोळ्याचे पाय लागतात, आणि अख्ख्या बाजारात ते फक्त माझ्याकडे होते. एका दिवसात टोळी श्रीमंत झाली. त्याच संध्याकाळी मला टोळीच्या कोठाराच्या किल्ल्या मिळाल्या. ‘माझे बाबा आहेत,’ असं तुझ्या भाचीने सगळ्यांसमोर लिहिलं. तुझ्या भावजयीला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ही उठून गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते आठ मी कोठारात. फळ्या केल्या, खण केले, प्रत्येक खणाला चिठ्ठी. काही न्यायचं असेल तर मागणीपत्र. लेक बाहेरून येऊन बाण मागते, मी शिल्लक सांगतो, ती सही करते, मी बाण देतो. तास कसा जातो कळत नाही. फोनवर जमलं नाही ते इथे जमलं म्हणून मी मनातल्या मनात फार खूश होतो.

आता रविवारचं सांगतो. बसून वाच.

डोंगरापलीकडे एक ड्रॅगन आहे. तो मेला तर हजारात एकदा त्याच्याकडून अंडं पडतं, आणि ते विकलं तर टोळीला स्वतःचा किल्ला घेता येतो. सहा रविवार आमची मंडळी जाऊन मार खाऊन आली होती. या खेपेला सगळे तयारीने गेले. मी कोठारात, टेबल पुसून, मागणीपत्रांचा गठ्ठा पुढ्यात. पुढारी आमचा लोखंड्या (एरवी दातांचा डॉक्टर आहे, माणूस सज्जन, पण घाई फार). ड्रॅगनचा जीव बोटभर उरला असताना त्याची तलवार मोडली. ती टोळीच्या कोठारातली. त्याने तिथूनच लिहून नवी मागितली (मी दिली की ती थेट त्याच्या हातात पोचते). मी नियमाप्रमाणे उत्तर दिलं, जुनी जमा करा, नवी घ्या. आता तूच सांग, चौतीस वर्षांत मी जुना पाना घेतल्याशिवाय नवा पाना कुणाला दिला आहे? प्रत्यक्ष मॅनेजरला दिला नाही! लोखंड्याने लिहिलं, की जुनी ड्रॅगनच्या पायाखाली आहे. मी लिहिलं, निदान मूठ तरी आणा. तो मूठ आणायला गेला. तिथेच गेला.

मग औषधाच्या बाटल्यांसाठी एकच गिल्ला झाला. जो माल आधी आला तो आधी बाहेर जायला हवा, हे कुठल्याही भांडारात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणून मी सर्वांत जुन्या बाटल्या काढल्या. त्या सुरुवातीच्या दिवसांतल्या निघाल्या, खरचटण्यापुरत्या. जोरकस बाटल्या मागच्या खणात होत्या आणि त्यांची पाळी अजून आली नव्हती. पाव तासात सातच्या सात जण मेले. (घाबरू नकोस, मेलेली माणसं गावच्या चौकात परत उभी राहतात, फक्त अंगावर आतले कपडे तेवढे उरतात. त्या अवस्थेत सात जण माझ्या कोठाराच्या दाराशी आले. लोखंड्याने त्याही स्थितीत मूठ आणली होती. ती मी जमा करून घेतली.) एक मात्र मान्य करावं लागेल, की शेवटच्या बाणापर्यंत माझी शिल्लक बरोबर होती.

काल टोळीच्या फळ्यावर ठराव लागला, ‘भांडेकाकांकडून कोठाराच्या किल्ल्या काढून घ्याव्यात.’ खाली नाव नाही. येत्या रविवारी मतदान. ताई, हसशील, पण माझं जेवणावरचं लक्ष उडालं आहे. किल्ल्या गेल्या तर तिथे मी कोण? मला तलवार धरता येत नाही. लेक बाण मागायला दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि आम्ही दोघं पुन्हा पंखे ऐकत बसू. मला तसं नको आहे. बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण लिहायचं राहिलं. मी मतं मोजली. टोळीत आठ जण. मी, लेक आणि दोघी बहिणी (एरवी बँकेत असतात; त्यांनी रानात वेचलेली अळंबी मी बाजारात चांगल्या भावाने खपवतो) असे चार आपल्या बाजूचे. विरोधात चार. बरोबरी झाली तर ठराव मंजूर होतो. तेव्हा एक मत कमी पडतं आहे, आणि तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे. नव्या माणसाला दहाव्या लेव्हलला मत मिळतं. चाळीस उंदीर मारले की झालं. तीस वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होतीस, तुझ्या नुसत्या आवाजाने वॉर्डबॉय पळायचे, उंदरांची काय कथा. आजच बस.

ता. क. २ पाकीट चिकटवलं होतं, फोडून लिहितो आहे. आत्ता लेकीचा फोन आला होता. ठराव तिनेच मांडला आहे.

ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला मी माझ्याबरोबर हिंडायला बोलावलं होतं. किल्ल्या मिळाल्यापासून दोन महिन्यांत एकदा तरी दाराबाहेर आलात? मी समोर येते, तुम्ही म्हणता बाण एकशेबारा शिल्लक, सही कर. मला बाण नकोत. मला पलीकडचं रान दाखवायचंय तुम्हाला.’ मी म्हणालो, मला लढता येत नाही. ती म्हणाली, ‘मग मी कशाला आहे?’ ताई, मला रडू आलं. तुझ्या भावजयीने विचारलं काय झालं, तर मी घसा साफ करतोय असं सांगितलं. लेकीने फोन ठेवला तेव्हा सव्वा तास झाला होता, आणि एवढ्या वेळात जेवणाचा विषयही निघाला नाही.

तेव्हा उंदीर मारायचे थांबवू नकोस. मत मात्र माझ्या विरोधात टाक. मीही विरोधातच टाकणार आहे. बँकेतल्या त्या दोघी मात्र ऐकत नाहीत, माझ्याच बाजूने अडून बसल्या आहेत. ठराव एकमताने मंजूर व्हायला हवा, तेव्हा त्यांचं मन तेवढं तू वळव.